मागच्या टायरचा हिशोब कुणाच्या वहीत?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कापड पेठांत भाड्यावरून तकरार झाली नाही असा महिना जात नाही. टेम्पोवाला म्हणतो, भाडे परवडत नाही. व्यापारी म्हणतो, डिझेल वाढले तेव्हा वाढवून दिले, आता आणखी काय? दोन्ही बाजू डिझेलच्या दरावर भांडतात आणि शेवटी दहा-वीस रुपयांवर तडजोड होते. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

आमचे म्हणणे असे की या भांडणात डिझेलचा हिशोब दोघांनाही पाठ असतो, पण गाडीच्या मागच्या दोन टायरांचा हिशोब कुणीच मांडत नाही. डिझेल रोज भरावे लागते, म्हणून ते डोळ्यांसमोर राहते. टायर रोज थोडा थोडा झिजतो आणि एके दिवशी एकदम पाच हजारांचा खड्डा पाडतो. त्या दिवशी टेम्पोवाला उधारी मागायला दुकानात येतो आणि आम्ही व्यापारी लोक त्याला ‘तुला गाडी सांभाळता येत नाही’ असे सुनावतो. वास्तविक तो टायर किती चालणार हे निम्म्याहून अधिक आम्हीच ठरवलेले असते, गाडीत माल भरताना.

मालवाहू तीनचाकी ही आमच्या धंद्याची खरी हमाल आहे. २००५ साली ‘छोटा हत्ती’ आला आणि लांबचा माल चार चाकांवर गेला, हे खरे. तरी सांगलीच्या कापड पेठेत, साताऱ्याच्या खण आळीत, मिरजेच्या बोळांत जिथे मोठी गाडी वळत नाही तिथे आजही तीनचाकीच जाते. पालची खंडोबाची यात्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, म्हसवडचा रथ, खरसुंडीची यात्रा, झालेच तर गावोगावचे आठवडी बाजार, इथे पाल ठोकणारा छोटा व्यापारी तीनचाकीनेच जातो. बागवानांची फळे, तांबोळ्यांची पाने, मणियारांच्या बांगड्या, पिंजाऱ्यांच्या गाद्या, सगळे हिच्याच हौद्यात. म्हणून हा विषय केवळ गाडीवाल्यांचा आहे असे कुणी समजू नये.

मागचाच टायर का झिजतो?

आज जी मालवाहू तीनचाकी आपण पाहतो तिचा घाट इटलीचा. पियाजिओ कंपनीने १९४८ साली आपल्या व्हेस्पा स्कूटरला मागे दोन चाके आणि हौदा जोडला आणि तिला ‘आपे’ नाव दिले. त्यांच्या भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे कष्टाळू मधमाशी. आपल्याकडे बजाजला दुचाकी व तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला. पुढे पियाजिओने स्वतःच आमच्या फलटणच्या शेजारी, बारामतीला कारखाना काढला.

त्याआधी आपल्या रस्त्यांवर दुसरी एक तीनचाकी होती. बजाज टेम्पो कंपनीची हॅन्सिएट. (ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स नावाने ओळखली जाते.) मूळ जर्मन कंपनीचे ‘टेम्पो’ हे नाव इतके रुजले की आज कुठल्याही मालगाडीला आपण टेम्पोच म्हणतो. त्या गाडीचे इंजिन पुढच्या चाकावर बसलेले होते आणि ओढही पुढच्या चाकालाच होती. मागची चाके फक्त ओझे वाहायची.

आपेच्या घाटाच्या गाडीत मात्र सगळी कामे मागच्या चाकांवर पडतात. इंजिनाची ओढ मागे. मालाचा हौदा मागच्या आसावर. भरलेल्या गाडीचा दोन तृतीयांशाहून जास्त भार मागे. ब्रेक मारला की रोखण्याचा मोठा वाटाही मागचाच. पुढचे चाक जवळजवळ दिशा दाखवण्यापुरते. म्हणून पुढचा टायर अजून नक्षीदार असतो तेव्हा मागचे दोन गुळगुळीत झालेले असतात.

वळणाची गोष्ट आणखी वेगळी. मोटारसायकल वळताना आत झुकते, त्यामुळे टायर रस्त्यावर लोळत जातो. तीनचाकी झुकत नाही. ती सरळ उभी राहूनच वळते, आणि वळताना बाहेरच्या बाजूच्या टायरवर भार लोटला जातो. तो टायर थोडा आडवा घासतो. माल जितका उंच रचलेला, तितके हे लोटणे जास्त. घाटात अशी वळणे किती येतात ते पसरणी किंवा कुंभार्ली घाट चढलेल्या माणसाला सांगायला नको.

हा रोग गरिबांच्या गाड्यांनाच आहे असे नाही. कॅनडातल्या एका कंपनीने २००७ साली ‘कॅन-ॲम स्पायडर’ नावाची प्रवासी तीनचाकी मोटारसायकल काढली. तिची दोन चाके पुढे आणि एक मागे. हौशी लोक तिच्यावरून हजारो मैल फिरतात. तिथेही तक्रार तीच. पुढचे दोन टायर चांगले असतात आणि मागचा एकटा आधी संपतो, तोही बहुधा मधोमध. कारण ओढ सगळी त्या एका टायरवर, आणि रुंद टायरला भाराच्या मानाने हवा थोडी जास्त झाली की तो मध्ये फुगतो व मधल्याच पट्ट्यावर चालतो. म्हणजे पैसेवाल्यांची सैर असो की आमची कापडाची फेरी, तीन चाकांचा कायदा एकच. जिथून ओढ तिथे झीज.

टायर म्हणजे शेवटी कापडच

कापडवाल्यांना टायर समजावून सांगणे सोपे आहे. टायरची ताकद रबरात असते असे बहुतेकांना वाटते. रबर हवा-पाणी अडवते, रस्ता पकडते आणि झिजते. भार पेलतो तो आतला धागा. तीनचाकीला आपल्याकडे जे साधे टायर लागतात त्यांच्या पोटात नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात, एकमेकांना तिरके छेदणारे.

सुरुवातीच्या काळात टायरमध्ये साधे सुती कॅनव्हास घालत, उभ्या-आडव्या धाग्यांचे. चाक फिरताना टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि सुटतो. त्यात उभा धागा आडव्यावर घासायचा, गरम व्हायचा आणि एकमेकांना कापायचा. मग लोकांनी आडवा धागा जवळजवळ काढून टाकला आणि केवळ उभ्या दोऱ्यांचे कापड वापरायला सुरुवात केली. ते विस्कटू नये म्हणून कुठे कुठे एखादा बारीक बाणा. सूत जाऊन रेयॉन आले, रेयॉन जाऊन नायलॉन आले. टायरवर ‘८ पीआर’ असे लिहिलेले असते ते याच थरांच्या हिशोबाचे. पूर्वी तो सुती थरांचा खरा आकडा असे. आता धागा मजबूत झाल्याने थर कमी असतात आणि हा आकडा केवळ ताकद दाखवतो. विकणारा ‘आठ थर आहेत’ म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, पण आकडा मात्र जरूर पाहा.

हे सांगण्याचे कारण असे की टायरचे मरण दोन प्रकारचे असते. एक, वरचे रबर झिजणे. दुसरे, आतले कापड थकणे. रबर झिजलेले दिसते. कापड थकलेले दिसत नाही. जादा ओझे आणि कमी हवा यांनी टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, आणि ती उष्णता थरांना एकमेकांपासून सोडवते. मग एखाद्या दुपारी चांगली नक्षी असलेला टायर फुटतो आणि लोक म्हणतात, माल खराब निघाला. बहुतेक वेळा मालाचा दोष नसतो, वापराचा असतो.

मीटर आणि किलो

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. कापडाचा व्यापार मीटरवर चालतो. थान किती, मीटर किती, डझन किती, हे आम्हाला झोपेतही सांगता येते. किलो किती, हे विचारा. दहातले नऊ व्यापारी गप्प बसतील. आणि टायरला तर किलोशिवाय दुसरी भाषा समजत नाही.

साधा हिशोब करू. एका चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचे पॉपलीन, पन्हा ९० सेंटिमीटर. एक मीटर कापड १०८ ग्रॅम. वीस मीटरचे थान २ किलो १६० ग्रॅम. शंभर थान म्हणजे २१६ किलो. गाडीला जर अर्धा टन माल मंजूर असेल तर २३० थान झाले की गाडी भरली. पण २३० थानांनी हौदा भरलेला दिसत नाही. वर जागा उरते. मग आम्ही म्हणतो, ‘अरे, अजून पन्नास बसतील, टाक.’ पन्नास थान म्हणजे १०८ किलो. त्यावर चादरींचे एक बोचके. त्यावर माल उतरवायला एक पोरगा. साठ किलोचा पोरगा म्हणजे अठ्ठावीस थान. जागा संपायच्या कितीतरी आधी वजन संपलेले असते, हे कापडाच्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मिरजेचे सतारमेकर बंधू या बाबतीत नशीबवान. त्यांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हा सर्वांनाच आनंद आहे. भोपळ्याचा तंबोरा जागा भरपूर खातो, वजन जवळजवळ नाही. त्यांचा हौदा भरला तरी टायर निवांत असतो. पिंजाऱ्याच्या कापसाच्या गादीचेही तेच. उलट तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, फळांचे क्रेट आणि कापडाच्या गाठी हा जड माल. प्रत्येकाने आपल्या मालाची जात ओळखली पाहिजे.

मंजूर वजन किती हे शोधायला फार लांब जायला नको. गाडीच्या आरसी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे एकूण वजन दोन्ही लिहिलेले असते. दुसऱ्यातून पहिले वजा करा. उरेल त्यात माल, ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस सगळे आले. टायरच्या कडेलाही त्याची ताकद छापलेली असते. तिथे ८० हा भारांक असेल तर तो टायर ४५० किलोपर्यंतचा, ७५ असेल तर ३८७ किलोपर्यंतचा. दोन्हीतला फरक ६३ किलोंचा आहे, म्हणजे दोन टायरांमागे सव्वाशे किलो. स्वस्त मिळतो म्हणून कमी भारांकाचा टायर बसवणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

आमचे रस्ते

सातारा आणि सांगली हे जिल्हे नकाशात शेजारी असले तरी टायरच्या दृष्टीने दोन-तीन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पूर्वेला आटपाडी, जत भागात पाचशेच्या आसपास. पश्चिमेला चढ, वळण, ओला रस्ता आणि खड्ड्यातली खडी. ओले रबर कोरड्या रबरापेक्षा लवकर कापले जाते, म्हणून पावसाळ्यात टायरवर चिरा जास्त दिसतात. पूर्वेला सरळ रस्ता, पण एप्रिल-मेचे ऊन. माण-खटाव ओलांडून आटपाडीला भर दुपारी जाणारी गाडी तापलेल्या डांबरावर आपले रबर लवकर घासून टाकते. मधल्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या गाड्यांनी रस्त्याच्या कडा तुटतात, आणि तीनचाकी बिचारी बाजू देताना त्याच कडेवर चढते-उतरते.

आणखी एक बारीक गोष्ट. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या चाकावर भार किंचित जास्त. त्यात हमालाने जड गाठी डावीकडेच ठेवल्या की डावा टायर उजव्याच्या आधी संपला म्हणून समजा. गाठी खाली, मधोमध, आणि आसाच्या वर किंवा किंचित पुढे ठेवाव्यात. फार मागे रचल्या तर पुढचे चाक हलके पडते आणि हँडल हाताला लागत नाही. घाटात ही चूक जीवावर बेतते.

हवेचा प्रश्न

हवा कमी असेल तर टायर दोन्ही कडांना झिजतो. हवा जास्त असेल तर मधोमध झिजतो. फक्त एकाच कडेला झिजला असेल तर हवेचा दोष नाही. मागच्या आर्मचे बुश, बेअरिंग किंवा चाकाची ठेवण बिघडली आहे, गाडी मेस्त्रीकडे न्या. आणि जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजला असेल तर ब्रेक एकदम धरतो आहे. टायर असा बोलतो. ऐकणारा पाहिजे.

आमच्याकडे एक गैरसमज घट्ट बसला आहे. उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून पाच-सात पौंड कमी ठेवावी. हे उलटे आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि म्हणून जास्त तापतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजावी. कंपनीच्या पुस्तिकेत भरलेल्या गाडीसाठी जितके पौंड सांगितले असतील तितके भरावे. रस्त्यात तापलेल्या टायरची हवा सोडू नये. माल उतरवून लांबचा रिकामा परतीचा प्रवास असेल आणि पुस्तिकेत रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा दिला असेल, तर तो पाळावा. नाहीतर रिकामी गाडी मागून उडत येते आणि मधला पट्टा खाते.

टायरची अदलाबदल हीही किफायतीची गोष्ट. अनेक गाड्यांत पुढचे-मागचे टायर एकाच मापाचे असतात. स्टेपनी धरून चार टायर. ते वेळेवर फिरवले तर चारही सारखे झिजतात. मात्र ‘वेळेवर’ हा शब्द महत्त्वाचा. मागचा टायर पूर्ण घासून झाल्यावर तो पुढे टाकण्याची जी पद्धत आहे ती बंद झाली पाहिजे. पुढे एकच चाक आहे. ते फुटले तर गाडी कुणाच्या हातात राहत नाही.

रबर चढवावे की नाही?

गरिबाच्या धंद्यात रिमोल्डिंगला पर्याय नाही आणि त्यात कमीपणाही नाही. एमआरएफसारखी कंपनी १९४६ साली मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे बनवत होती. १९५२ मध्ये ती टायरवर चढवायचे रबर बनवू लागली आणि पूर्ण टायर नंतर आले. नवे रबर जुन्या टायरवर चांगले बसते. अट एकच. आतले कापड शाबूत हवे. जुन्या शेरवानीला नवे अस्तर लावता येते, पण वरचे कापडच विरले असेल तर शिंपी काय करणार? इथेही तसेच, फक्त आतबाहेर उलटे. दोरे दिसेपर्यंत टायर चालवला की तो रिमोल्डिंगच्या लायकीचा राहत नाही. रिमोल्ड टायर मागे चालवावा, पुढे कधीही नाही.

कायदाही लक्षात असू द्या. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकी-तीनचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे एक मिलिमीटरही नाही. ही कमीत कमी मर्यादा झाली. पावसाळ्यात कोयनेकडच्या उतारावर तेवढ्यावर विसंबू नये.

पैशाचा हिशोब

आता वही उघडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले टाकून पाहावेत. मागच्या दोन टायरांना ५,००० रुपये पडले असे समजू. वजन बेताचे ठेवले तर ते २५,००० किलोमीटर चालले. किलोमीटरला २० पैसे. मग २,००० रुपयांत दोन्हींना रबर चढवले आणि आणखी १५,००० किलोमीटर काढले. एकूण ७,००० रुपयांत ४०,००० किलोमीटर, म्हणजे साडेसतरा पैसे.

दुसरा टेम्पोवाला रोज जादा माल ओढतो. त्याचे टायर १५,००० ला संपले आणि कापड तापून गेल्याने रबर चढवता आले नाही. किलोमीटरला ३३ पैसे. जवळपास दुप्पट. रोज ८० किलोमीटर आणि महिन्याला २५ फेऱ्या धरल्या तर वर्षाला २४,००० किलोमीटर होतात, आणि फरक पडतो सुमारे ३,८०० रुपये.

काही वाचक म्हणतील, फेरीला बारा-तेरा रुपयांचा फरक, त्यासाठी एवढा लेख? बरोबर आहे, रक्कम लहान आहे. आमचा मुद्दाही तोच. व्यापाऱ्याला फेरीमागे बारा-तेरा रुपये जाणवत सुद्धा नाहीत, एका थानाच्या भावात ते निघून जातात. पण ज्याच्या घरी दिवसाची कमाई दिवसाला खर्च होते त्याला एकदम पाच हजार काढणे म्हणजे कर्ज काढणे आहे. कर्ज मिळेपर्यंत तो गुळगुळीत टायरवर गाडी चालवतो, आणि त्या गाडीत माल आमचा असतो. टायर फुटला तर त्याचा एक दिवस जातो, आमची यात्रेची किंवा बाजाराची वेळ जाते. गाडी कलंडली तर काय जाते हे लिहायची गरज नाही.

शिवाय दंड आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा भारासाठी २० हजार रुपये, आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. पन्नास थान वाचवायला गेलेला माणूस दोन वर्षांचा नफा रस्त्यावर ठेवून येईल. त्यातही पावती फाटते ती टेम्पोवाल्याच्या नावाने.

एक दिलासा मात्र झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. दोन हजार मूळ किमतीचा टायर पूर्वी २,५६० ला पडायचा, तो २,३६० ला पडला पाहिजे. खरेदी करताना पक्के बिल घ्या, आयएसआय चिन्ह पाहा आणि कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘१०२५’ म्हणजे २०२५ सालच्या दहाव्या आठवड्यातला टायर. गोदामात चार वर्षे पडलेला टायर नव्या भावाने घेऊ नये.

दोष एकट्या व्यापाऱ्याचा आहे काय?

नाही. टेम्पोवालेही काही कमी नाहीत. भाडे हातचे जाऊ नये म्हणून ‘टाका शेठ, बसतंय’ असे स्वतःच म्हणणारे आहेत. क्लच सोडताना चाक फिरवून निघणारे आहेत. वडापच्या रिक्षात दोन्ही बाजूंना माणसे लोंबकळत नेणारे आहेत. आता विजेवरच्या तीनचाकी आल्या. त्यांची ओढ पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळते आणि बॅटरीचे वजनही असते, त्यामुळे ॲक्सिलेटर एकदम पिळणाऱ्याचे मागचे टायर अजून लवकर जातात. डिझेल वाचले या खुशीत हे कळत नाही.

पण एक फरक आहे. गाठीत काय आहे आणि तिचे वजन किती, हे टेम्पोवाल्याला माहीत नसते. ते फक्त आम्हाला माहीत असते, किंवा माहीत असायला हवे. ज्याला वजन माहीत त्यानेच जबाबदारी घ्यायची, हा व्यापाराचा सरळ इन्साफ आहे. गिऱ्हाइकाला मीटरमागे एक सेंटिमीटर कमी देणाऱ्याला आम्ही पेठेत तोंड दाखवू देत नाही. मग गाडीवाल्याच्या मापात शंभर किलो मारणे हे कशात बसते?

दुसरी तक्रार आम्ही रोज ऐकतो. धंदा मंद आहे, मोठी दुकाने आणि मोबाईलवरची खरेदी यांनी गिऱ्हाईक नेले, दुसरी फेरी परवडत नाही. खरे आहे. म्हणूनच एकेकट्याने दोन फेऱ्या करू नयेत. एकाच बाजारला जाणाऱ्या दोघा-तिघांनी मिळून दोन गाड्या कराव्यात आणि वजनाप्रमाणे भाडे वाटून घ्यावे. जड गाठीवाल्याने हलक्या मालवाल्याशी जोडी करावी. खाली कापड, वर बांगड्या किंवा गाद्या. जागाही भरते आणि वजनही बसते.

आमची सूचना

पेठेतल्या व्यापारी बांधवांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली, प्रत्येक गाठीवर मीटरबरोबर किलोही लिहा आणि गाडीच्या चिठ्ठीवर एकूण वजन टाका. दुकानात एक साधा तोलकाटा ठेवायला फार खर्च येत नाही. दुसरी, भाडे ठरवताना डिझेल, मजुरी आणि टायर हे तीन आकडे वेगळे मांडा. टायरचे म्हणून किलोमीटरला वीस-पंचवीस पैसे वेगळे द्या. शक्य असेल तिथे ते पेठेच्या खात्यात त्या गाडीच्या नावाने जमा राहू द्या, म्हणजे टायर बदलायच्या दिवशी त्याला उधारीसाठी दारोदार फिरावे लागणार नाही. तिसरी, माल भरण्यापूर्वी मागच्या टायरवर एकदा नजर टाका. खाच दिसत नसेल तर त्या गाडीत माल भरू नका, आणि भाडे गेले म्हणून रुसलेल्या माणसाला टायरपुरती उचल द्या.

टेम्पोवाल्या बांधवांनाही एक सांगणे आहे. टायर कधी बसवला, मीटरवर किती किलोमीटर होते, कधी संपला, हे एका वहीत लिहून ठेवा. भाडे मागायला येताना ती वही घेऊन या. तोंडी तक्रारीला पेठेत किंमत नाही, लिहिलेल्या हिशोबाला आहे. दोन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या तर कुठलाही समंजस व्यापारी त्यावर बोलायला बसेल. पालची आणि पुसेगावची यात्रा येण्याआधी निदान आपल्या ओळखीच्या एका गाडीपुरता हा हिशोब प्रत्येकाने करून पाहावा.